हातातील यंत्र आणि पाहणाऱ्याची नजर



पटनोंदणी, शाळाबाह्य मुलांचा शोध, कुटुंबपाहणी, जनगणना ही कामे प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. पूर्वी त्यांसाठी छापील तक्ते आणि पेन्सिल पुरत असे. आता त्यांची जागा हातात मावणाऱ्या यंत्राने घेतली आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत कुटुंबांची माहिती अशाच यंत्रांवर भरली गेली. आणि महाराष्ट्रासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी असलेली जनगणनाही अंकीय पद्धतीने घेण्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. अशा वेळी यंत्राची कळ कोठे दाबावी एवढे ठाऊक असून भागत नाही. खरी नोंद कशी घडते हे समजून घ्यावे लागते. या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगाची हकीकत उद्बोधक आहे.

लुई लिबेनबर्ग या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकाने कलहारीतील सान शिकाऱ्यांबरोबर राहून, जनावरांचा माग काढण्याच्या त्यांच्या विद्येचा अभ्यास केला. वाळूतील अस्पष्ट ठशावरून जनावर कोणते, ते केव्हा गेले, धावत होते की चरत होते, हे ती माणसे सांगत. ही विद्या म्हणजे निरीक्षण, तर्क आणि पडताळा यांवर उभे असलेले शास्त्रच होय, असे प्रतिपादन त्याने १९९० साली आपल्या ग्रंथात केले. परंतु हे ज्ञान बाळगणाऱ्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पाहिलेले कागदावर उतरत नसे आणि कागदावर न उतरलेले शास्त्रज्ञांच्या हिशेबी येत नसे.

पुढे १९९०-नंतरच्या दशकात लिबेनबर्ग आणि केपटाऊन विद्यापीठातील संगणकशास्त्राचा विद्यार्थी जस्टिन स्टीव्हन्टन यांनी ‘सायबरट्रॅकर’ ही योजना तयार केली. तळहाताएवढ्या संगणकाच्या पडद्यावर शब्दांऐवजी चित्रे उमटत. माग काढणारा प्रथम जनावराच्या चित्रावर बोट ठेवी. मग ते काय करीत होते, कोणती वनस्पती खात होते, अशी चित्रे क्रमाने पुढे येत. जागेची नोंद उपग्रहाच्या साहाय्याने होई. कारू राष्ट्रीय उद्यानात कारेल बेनाडी आणि जेम्स मिन्ये या दोघा माग काढणाऱ्यांनी काळ्या गेंड्यांच्या चरण्याच्या नोंदी या रीतीने केल्या. दोघांनाही लिहितावाचता येत नव्हते. १९९९ साली ‘पॅकिडर्म’ या नियतकालिकात या कामावरील लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांच्या नामावळीत या दोघांची नावे होती.

यंत्राने त्यांना नजर दिली नाही. ती त्यांच्यापाशी आधीच होती. यंत्राने तिची नोंद होऊ दिली. शिक्षकाच्या हातातील यंत्राचेही कार्य एवढेच आहे. गाव ओळखणारा माणूस शिक्षक आहे, यंत्र नव्हे.

आता यंत्राच्या व्यवहाराविषयी. जागा निश्चित करण्यासाठी यंत्राला निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. त्यासाठी दूरध्वनीच्या मनोऱ्याची गरज नसते. म्हणून वाडीवस्तीवर ‘रेंज’ नसली तरी नोंद होऊ शकते. मात्र छपराखाली किंवा दाट झाडीत संकेत क्षीण होतात. अंगणात येऊन क्षणभर थांबणे इष्ट. सर्वच अॅप जाळ्यावाचून चालत नाहीत, हे निघण्यापूर्वी पडताळावे. जे चालतात त्यांत भरलेली माहिती ती पाठविली जाईपर्यंत यंत्रातच राहते. तोवर ते अॅप काढून टाकल्यास दिवसाचे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. शिवाय बहुधा प्रत्येक नोंदीबरोबर वेळही लिहिली जाते. शाळेच्या खोलीत बसून चाळीस घरे आठवणीने भरली, तर चाळीस कुटुंबे एकाच जागी राहतात असे ती नोंदच सांगते.

याहून मोठा धोका पर्यायांचा आहे. तक्ता करणाऱ्याने जे पर्याय दिले, त्यांबाहेरचे उत्तर यंत्र घेत नाही. समजा, दिवाळीनंतर एका घराला कुलूप आहे. शेजारची आजी सांगते की आईवडील ऊसतोडीस गेले आणि नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी बरोबर गेली. पडद्यावर केवळ ‘घर बंद’ दाबून पुढे जाणारा खोटे काहीच लिहीत नाही. तरीही ती मुलगी नोंदीतून नाहीशी होते. मूळ शाळेत ती गैरहजर आणि कारखान्याच्या परिसरात ती कोणाच्याच पटावर नाही.

जाणता शिक्षक तेथेच थांबून चौकशी करतो. स्थलांतराचा रकाना असेल तर तो भरतो. नसेल तर शेऱ्यात कारखान्याचे गाव लिहितो आणि रकाना नसल्याचे केंद्रप्रमुखांस लेखी कळवितो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी असलेले शिक्षण हमी पत्रक तिच्यापर्यंत पोहोचविण्याची खटपट करतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला यावयास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे तो पालकांस आणि त्या शाळेसही सांगू शकतो. जे उत्तर मिळाले नाही, तेथे अंदाज न भरता ‘माहिती मिळाली नाही’ असेच नोंदवितो. रिकाम्या जागेची चौकशी उद्या होऊ शकते. अंदाजाने भरलेल्या जागेची कोणी करीत नाही.

अशा कामात वेळ जातो, अध्यापनाचे तास बुडतात, ही शिक्षकांची तक्रार निराधार नाही. म्हणूनच एकदा दारापर्यंत गेल्यावर ती फेरी व्यर्थ जाऊ नये. कारूच्या माळावर दोन निरक्षर माणसांनी आपले पाहणे शास्त्राच्या पदरी घातले, कारण त्यांनी जे पाहिले तेच टिपले. गावच्या शिक्षकाने तेवढाच नियम पाळला, तर कुलूप लावलेल्या घरातील ती मुलगी कोठल्या तरी शाळेच्या हजेरीत पुन्हा दिसेल.