दुसऱ्या डब्यातलं द्रव्य



तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं सुट्टीच्या दिवशी सुतारकाम केलं. या दोन गोष्टींची गाठ पडली ती एका पांढऱ्या कड्यामुळे. पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया विकत घेऊन मी जेवणाचं टेबल केलं होतं. त्याला चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश कापसाच्या बोळ्याने दिलं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी बोळा फिरवत होते. सागाचे रेषे आतून उजळल्यासारखे दिसायला लागले. पहिल्याच रविवारी आमटीचं पातेलं थेट त्यावर टेकलं गेलं. उचललं तर खाली पांढरं कडं.

ते का उमटलं? चपडी स्पिरिटमध्ये विरघळलेली असते. स्पिरिट उडून जातं, चपडी मागे राहते, आणि बाकी काहीच घडत नाही. तिचे रेणू शेजारी शेजारी पडून असतात, एकमेकांना बांधलेले नसतात. म्हणून उष्णतेने थर मऊ पडतो, पातेल्याखालची वाफ आत शिरते. सॅनिटायझर सांडलं तर थर परत विरघळायला लागतो. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर चपडीपेक्षा दणकट, पण तेही थिनर उडून सुकणारंच. थिनरचा हात लागला की पुन्हा पातळ होतं.

दुकानात जे पॉलिश दोन डब्यांत मिळतं, त्याची जातच निराळी. मोठ्या डब्यात रेझिन, लहान डब्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केली की थर नुसता वाळत नाही, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळं तयार होतं. ते जाळं मग थिनरलाही दाद देत नाही. जेवणाच्या टेबलाला हेच हवं.

मात्र दुकानदार ज्याला सरसकट हार्डनर म्हणतो, ती दोन अगदी वेगळी द्रव्यं आहेत, आणि हा फरक समजला नाही तर काम बिघडतं. मेलामाइन पॉलिशमधला हार्डनर म्हणजे आम्ल. तो खरा उत्प्रेरक. रेणूंना बांधायला लावतो, स्वतः त्या बांधणीत अडकत नाही. ही कल्पना आणि तिचं नाव १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने रूढ केलं, पण आपल्या स्वयंपाकघरात तिची समजूत देणारी गोष्ट रोज असते. विरजण घ्या. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागतं. विरजण जास्त घातलं तर दही घट्ट होत नाही, आंबट होतं. मेलामाइनचंही तसंच. हार्डनर जास्त ओतला म्हणजे पॉलिश जास्त कडक होईल, हा हिशेब चुकीचा. थर ठिसूळ होतो आणि पुढे त्याला बारीक चिरा जातात.

पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा हार्डनर असा नाही. हे रसायन १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यातला हार्डनर आयसोसायनेट गटाचा असतो आणि तो स्वतःच जाळ्याचा भाग बनतो, सिमेंटमध्ये पाणी बनतं तसा. कमी पडला तर थर कायमचा मऊ राहतो. म्हणून अंदाजाने ओतू नका. डब्यावर छापलेलं प्रमाण मोजपात्राने मोजा.

इथे जपानच्या उरुशीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. झाडाच्या चिकापासून केलेलं हे रोगण लॅकेज नावाच्या विकरामुळे घट्ट होतं, आणि त्यासाठी त्याला कोरडी नव्हे, दमट हवा लागते. जपानी कारागीर रंगवलेली वस्तू मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात. निसर्गाने आपला हार्डनर त्या चिकातच घालून ठेवला आहे. दमट हवेत उत्तम वाळणारं रोगण कोकणात राहणाऱ्याला केवढं सोयीचं वाटेल!

आपल्या पॉलिशांना मात्र दमटपणा अजिबात मानवत नाही. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि मेलामाइन दुधाळ पडतं. पीयूमध्ये तर हार्डनर थेट पाण्याशीच संयोग करतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. मी एकदा जुलैत, पाऊस उघडलाय म्हणून, एका स्टुलाला मेलामाइन दिलं आणि सगळा थर खरवडून काढावा लागला.

आणखी एक गोष्ट, जी डब्यावर लिहिलेली नसते. आपल्याकडे लाकडाची छिद्रं भरायला खडूची पूड वापरायची पद्धत आहे. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल त्याच्याशी संयोग पावून निष्प्रभ होतं. मग वरचं मेलामाइन त्या जागी नीट कडक कसं होणार? पॉलिशबरोबर मिळणारा सीलरच वापरावा. आम्लाचा हार्डनर लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात कालवू नये, काच किंवा प्लास्टिक घ्यावं. आणि साग स्वभावतः तेलकट. पहिला हात देण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसलेला बरा.

मग निवडायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. टेबलाच्या फळीला दोन डब्यांचं मॅट पीयू, आणि तेही ब्रशने. घरात स्प्रे नको. गॅलरीतल्या, उन्हातल्या लाकडाला मेलामाइन नको. तिथे पिवळं न पडणारं, बाहेरच्या वापराचं पीयूच मागून घ्या. टेबलाचे पाय, पुस्तकांचं कपाट, देवघर, पाळणा यांना चपडी पुरते. कारण टिकाऊपणाला दुसरी बाजूही आहे. माझ्या टेबलावरचं ते पांढरं कडं स्पिरिटच्या बोळ्याने तासाभरात गेलं. पीयूवर खोल ओरखडा आला तर अख्खी फळी घासावी लागते. जे सहज बिघडत नाही, ते सहज दुरुस्तही होत नाही.

निवडण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून पाहा. पीयू हाताला कोरडं लागलं तरी पुरतं पक्कं व्हायला आठवडा लागतो, तेवढा द्या. मग त्यावर गरम वाटी ठेवा, लिंबू पिळा, ओली हळद रात्रभर राहू द्या. डब्यावरचे दावे काहीही असोत, मराठी घरातलं टेबल हळदीच्या परीक्षेतून जाणारच. हळदीचा डाग राहिला तर तुकडा उन्हात ठेवा, बराचसा फिकट होतो.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. मेलामाइन पक्कं होताना त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फवाऱ्यातून फुप्फुसात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. भोपाळमध्ये १९८४ साली सुटलेला मिथिल आयसोसायनेट याच कुळातला. आपल्या डब्यातला पदार्थ तो नव्हे, आणि तो तितका उडतही नाही, पण कुळ लक्षात असू द्यावं. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफांना अडवत नाही. त्यासाठी या वाफांकरता बनवलेलं काडतूस असलेला मास्क लागतो, हातमोजे लागतात, आणि उघडी खिडकी तर लागतेच.

आपल्या इमारतींमध्ये नव्या फ्लॅटच्या बंद खोलीत नाकाला नुसता पंचा गुंडाळून दिवसभर स्प्रे मारणारी पोरं मी पाहिली आहेत. तुम्ही स्वतः पॉलिश करा किंवा कारागिराकडून करून घ्या, मास्कचे पैसे आधी बाजूला काढा, पॉलिशचे नंतर. मे महिन्यात पावसाला थोडेच आठवडे उरलेले असतात. नमुना करून, लाकूड कोरडं करून तेवढ्यात काम उरकत असेल तर करा. नसेल उरकत, तर टेबलावर चादर टाका आणि दिवाळीपर्यंत थांबा.