राजीनामा आला, पुढे काय?

(२६ नोव्हेंबर २०२५ ला लोणी भापकरमध्ये दिलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. एपिसोड ऐकला असेल तर मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला असेल. तो कट केलेला नाही, बोलणं मात्र वाचायला सोपं जावं म्हणून थोडं सरळ केलंय.)

समोर काका-मावशी बसल्यात, मागे भिंतीवर पोरं बसलीत आणि निम्मी मोबाईलमध्ये आहेत. चालेल, हे नंतर मोबाईलवरच ऐकायचंय.

आज २६ नोव्हेंबर. शाळेत सकाळी संविधान दिन झाला, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला ताज हॉटेल आणि धूर. मला दोन्ही तारखा एकत्रच बघाव्याशा वाटतात.

२००८ ला मी पाचवीत होतो. आपल्याकडे तेव्हा लोडशेडिंग असायचं, लाईट आली की टीव्हीसमोर गर्दी. आजोबा बातम्या बघताना सारखं म्हणत होते, 'अरे, सीएसटीला आपली किती माणसं उतरत्यात.' माझ्या डोक्यात तेव्हा बंदुका आणि कमांडो, एवढंच होतं. दहा जण आले, १६६ माणसं गेली, हे आकडे पुढे पाठ झाले. तुकाराम ओंबळेंचं नाव तर इथल्या बारक्या पोरांनाही माहीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचा माणूस. हातात काठी, आणि समोरच्याची एके-४७ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मोठा झाल्यावर मी दुसरी गोष्ट शोधायला लागलो. हल्ल्यानंतर कोणी काय केलं?

पहिल्यांदा राजीनामे आले. केंद्रात गृहमंत्री शिवराज पाटील गेले. राज्यात उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात, अशा अर्थाचं बोलले होते ते. मग मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले, ताजच्या पाहणीला सिनेमा दिग्दर्शकाला सोबत नेल्यामुळे लोक आधीच चिडलेले होते. आठवड्याभरात तीन मोठे राजीनामे. आजच्या हिशेबाने तर हे जवळजवळ अशक्य वाटतं, त्यामुळे त्याचं मोल मी कमी करत नाही.

पण पुढचं वर्ष-दीड वर्ष बघा. विलासराव मे २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले. आर. आर. आबा त्याच वर्षी निवडणूक जिंकून नोव्हेंबरमध्ये परत गृहमंत्री झाले. शिवराज पाटील जानेवारी २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल. आबा मला माणूस म्हणून आवडायचे, ग्रामस्वच्छता अभियान त्यांचं, आपल्या गावानेही तेव्हा झाडू मारलाय. मुद्दा माणसाचा नाहीये. खुर्ची रिकामी झाली आणि भरली, त्या मधल्या काळात नेमकं काय दुरुस्त झालं, हा मुद्दा आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता सर्व्हर पडला आणि लोकांचे पैसे अडकले, तर सकाळी कोणाला तरी काढून टाकणं सगळ्यात सोपं असतं. पण त्याने सर्व्हर सुधारत नाही. म्हणून एक कागद बनतो, आम्ही त्याला आरसीए म्हणतो. काय घडलं, का घडलं, आधी अलर्ट आला होता का, आला तर कोणी बघितला नाही. शेवटी एक तक्ता असतो : काय दुरुस्त करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. खरं सांगू, वरचा सगळा कागद मन लावून लिहिला जातो आणि तक्त्यातला तारखेचा रकाना रिकामा राहतो. दोन महिन्यांनी तोच सर्व्हर परत पडतो. हे मी स्वतः केलंय.

२६/११ चा असा कागद आहे. राज्य सरकारने ३० डिसेंबर २००८ ला राम प्रधान समिती नेमली. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन, दोनच जण. चार महिन्यांत अहवाल दिला. गुप्तचरांच्या सूचना येत होत्या पण त्यांची नीट छाननी होत नव्हती, पोलीस आयुक्तांचं नेतृत्व त्या रात्री दिसलं नाही, गोळ्यांच्या तुटवड्यामुळे क्विक रिस्पॉन्स टीमचा गोळीबाराचा सराव नीट झालेला नव्हता, असं त्यात आहे. आणि हा कागद सरकारने लगेच लोकांपुढे ठेवला नाही. आधी नुसता कार्यवाही अहवाल आला, मूळ अहवाल विधिमंडळात यायला डिसेंबर २००९ उजाडला. म्हणजे मधे लोकसभा झाली, विधानसभा झाली, लोकांनी मत दिलं, आणि कागद बंदच.

मत दिलं म्हणतोय, त्याचीही गंमत आहे. हल्ल्यानंतर आठवड्याने, ३ डिसेंबरला, गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले. नेत्यांवर प्रचंड राग होता. आणि ३० एप्रिल २००९ ला, लोकसभेच्या मतदानाला, त्याच दक्षिण मुंबईत साधारण ४० टक्के मतदान झालं. गुरुवार होता, शुक्रवारी १ मेची सुट्टी. लोक फिरायला गेले असं तेव्हा सगळेच म्हणाले. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पुण्यातून गाड्या भरून माणसं आणतात, त्यामुळे आपल्याला हसायला येतं. पण ग्रामसभेला किती जण असतात, ते मी इथे विचारत नाही.

काहीच झालं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. एनआयएचा कायदा महिन्याभरात झाला, मुंबईत एनएसजीचा तळ आला, राज्याने फोर्स वन उभी केली. कसाबवर खटला चालला, वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मग येरवड्यात फाशी झाली. एवढ्या रागातही देशाने हे सगळं कायद्याने केलं, याचा मला अभिमान आहे. पण कॅमेऱ्यांचं बघा. शहरभर सीसीटीव्ही हवेत हे हल्ल्यानंतर लगेच ठरलं. निविदा निघाल्या, फसल्या, परत निघाल्या. पहिला टप्पा सुरू झाला २०१५ च्या शेवटी, काम पूर्ण झालं २०१६ मध्ये. मधे २०१० ला आपल्या पुण्यात जर्मन बेकरीत १७ माणसं गेली. २०११ ला मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादर. मधे सरकारही बदललं, त्यामुळे एका पक्षाच्या नावाने बोट मोडून भागत नाही.

आता हे सगळं मी का वाचत बसलो, ते सांगतो. माझा चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. तुमच्यापैकी पाच-सहा जण पहाटे त्याच्याबरोबर मोरगाव रोडला पळता. दिवाळीत घरी आलो तेव्हा त्याने विचारलं, 'दादा, जॅकेट चांगलं देत्यात का रं आता?' मी म्हणालो देत असतील. मग लाज वाटली, कारण मला माहीतच नव्हतं.

हेमंत करकरेंचं जॅकेट तुम्हाला आठवत असेल. ते निकृष्ट होतं का, यावर वर्षभर वाद. त्यांच्या पत्नी कविताताईंनी माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा कळलं की जॅकेटच गहाळ आहे. ते चांगलं असतं तर करकरे वाचले असते का, हा प्रश्न वेगळा. पण पुरावा कुठे आहे, हे विचारायला घरातलं माणूस लागलं. अशोक कामटेंच्या पत्नी विनिताताईंचंही तेच. नवऱ्याच्या शेवटच्या तासात कंट्रोल रूममध्ये काय बोलणं झालं, त्याच्या नोंदी त्यांनी माहितीच्या अधिकारात मिळवल्या. सहज मिळाल्या नाहीत. त्यावर पुढे पुस्तक लिहिलं, 'टू द लास्ट बुलेट'.

आणि एक चांगली बातमीही सापडली. २०१७ मध्ये राज्य पोलिसांकडे साडेचार हजारांवर नवी जॅकेटं आली. त्यांची एके-४७ च्या गोळीने चाचणी घेतली आणि १,४३० जॅकेटं परत पाठवली. कोणीतरी तक्त्यातला रकाना भरला होता म्हणायचा. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'म्हंजे उरलेली चांगली ना?'

आता माझं स्वतःचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच आज उभा राहिलोय, नाहीतर मी टाळलं असतं.

२२ एप्रिलला पहलगाम झालं. २६ माणसं गेली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला एक घोडेवालाही. दुसऱ्या रात्री मला एक व्हिडिओ आला, हल्ल्यानंतर कुठेतरी लोक नाचतायत असा. डोकं गरम होतं. मी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली कोणीतरी लिहिलं, 'आधी आपल्या गावातले बघू.' त्यावर अंगठे पडले. मी काहीच लिहिलं नाही. झोपलो.

सकाळी शोधलं तर व्हिडिओ जुना, भलत्याच ठिकाणचा. दोन मिनिटांचं काम होतं, मी बीटेक, दिवसभर हेच करतो. डिलीट केला, पण तोपर्यंत पुढे गेला होता. त्या आठवड्यात टेलरमामांचं दुकान दोन दिवस बंद होतं. माझा पहिलीचा गणवेश त्यांनी शिवलाय. त्या शनिवारी मी गावी येऊन त्यांच्याकडे गेलो, माफी मागितली. ते शिलाई करत राहिले. मग म्हणाले, 'मला काय सांगतो बाळा. ग्रुपवर टाकलं होतंस ना, ग्रुपवर सांग.'

ते फार अवघड गेलं. चार ओळी लिहायला तासभर लागला. मी टाकलेला व्हिडिओ खोटा होता, मी तपासला नव्हता, खालच्या कमेंटवर मी गप्प बसलो हे चुकलं, असं लिहिलं. दोन जण ग्रुप सोडून गेले, एकाने विचारलं तू कोणाच्या बाजूचा. दुकान सोमवारी उघडं होतं, पण ते माझ्या मेसेजमुळे असं मी म्हणणार नाही.

जुलैमध्ये जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा एका मुलाखतीत म्हणाले की, पहलगाम ही सुरक्षेतली चूक होती आणि तिची पूर्ण जबाबदारी माझी. वाचून बरं वाटलं, असं कोण बोलतं हल्ली. पण माझ्या डोक्यात लगेच टेलरमामा आले. बरं, जबाबदारी घेतली, आता ग्रुपवर सांगा. बैसरनच्या कुरणात त्या दिवशी बंदोबस्त का नव्हता, कोणी ठरवलं, आता काय बदललंय? जुलैच्या शेवटी संसदेत दोन्ही सभागृहांत चर्चा झाली, ऑपरेशन महादेवमध्ये हल्लेखोर मारल्याचं गृहमंत्र्यांनी सांगितलं. ते महत्त्वाचंच आहे. पण प्रधान समितीसारखा कागद मला अजून वाचायला मिळालेला नाही. आणि हे विचारलं की लोक म्हणतात सैन्यावर शंका घेतोस. सैन्यावर कशाला शंका घेऊ, आपल्या गावातली पोरं तिथं आहेत. म्हणून तर विचारतोय.

तर मी एक छोटं काम केलंय. १४ नोव्हेंबरला राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर गृह विभागाकडे माहितीचा अर्ज टाकला. फी १० रुपये. दीडशे शब्दांत बसवायचा असतो, ते मला ग्रुपवरच्या माफीपेक्षा सोपं गेलं. सुरक्षेचं गुपित काही मागितलेलं नाही. प्रधान समितीच्या किती शिफारशी मान्य झाल्या, त्यातल्या किती पूर्ण झाल्या आणि उरलेल्यांवर शेवटचा निर्णय कोणत्या तारखेचा आहे, एवढंच. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणजे १४ डिसेंबरपर्यंत. नकार आला तर अपील करता येतं. अपील कसं लिहायचं ते मलाही शिकायचंय, कोणाला येत असेल तर नंतर थांबा.

काय येईल ते, नकार आला तरी, पुढच्या एपिसोडमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवतो. आणि ज्याला भरतीचा फॉर्म भरायचाय त्याने इथून जाताना माझ्या भावाला भेटा, त्याच्याकडे कागदांची यादी आहे.