भिंतीवरची विद्या
(घणसोली गाव येथे शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यापीठातील विद्या लोकांपर्यंत कशी पोहोचावी, याविषयी अहवाल पुष्कळ लिहिले गेले आहेत. कलाविद्यार्थ्यांनी मात्र या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी स्वतःच्या हातांनी दिली. त्यांपैकी दोन उत्तरांविषयी आज बोलावे, असे योजिले आहे.

मुंबई विद्यापीठ आणि सर जे. जे. कलाशाळा ही दोन्ही १८५७ सालची अपत्ये. १८७२ पासून या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. १८८५ पर्यंत, लेण्यांतील अंधूक उजेडात, या मुलांनी भित्तिचित्रांच्या सुमारे ३०० प्रतिकृती केल्या. त्या लंडनला रवाना झाल्या. १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत शंभराहून अधिक जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ निघाला व अजिंठ्याची कीर्ती जगभर पसरली, हे खरे. परंतु लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्याने ती चित्रे वा तो ग्रंथ कोठे पाहावा? विद्या गावातून उचलली गेली. परत येण्याची वाट कोणी आखलीच नाही.

दुसरे उत्तर शांतिनिकेतनचे. १९३०च्या दशकात कलाभवनाच्या विद्यार्थ्यांनी नंदलाल बोस व रामकिंकर बैज यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्याच निवासासाठी मातीचे घर सजविले. भारहुतपासून इजिप्तपर्यंतच्या प्राचीन शिल्पांवरून त्यांनी भिंतींवर उठावचित्रे केली आणि त्यांवर डांबर चढविले. त्यास लोक ‘काळे घर’ म्हणतात. ग्रंथालयाच्या कपाटातील कलेतिहास असा उघड्यावर आला. येणाऱ्याजाणाऱ्याने तो पाहावा, हाताने चाचपावा. त्यास कुलूप नव्हते की वर्गणी नव्हती. माती आणि डांबर, एवढाच त्याचा खर्च, हे येथील अधिकारी बंधूंनी ध्यानी घ्यावे!

आता आपल्या गावाकडे वळू. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसू लागली, आणि भातखाचरे, मिठागरे व खाडी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांभोवती शहर उभे राहिले. येथील वडीलधाऱ्यांजवळ एक हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडतो, हे भूगोलाचे पुस्तक सांगते. पाऊण तास म्हणजे त्याच्या अगदी निकट! मुखोद्गत असलेले हे गणित मिठागरात पाणी केव्हा घ्यावे आणि पाग केव्हा टाकावा, हे ठरवीत असे. मिठागरे गेली, की असे गणित विचारणारेही कोणी राहत नाही.

माझाच एक प्रमाद येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थ्यांना एका खाडीकाठच्या गावी पाठविले. तेथील वृद्धांनी दोन दिवस मोडून त्यांना बांध, उघाडी, जाळी दाखविली. चित्रे उत्तम झाली, गुण मिळाले, आणि ती संस्थेच्या माळ्यावर गेली. पावसाळ्यात माळा गळला. पुढे त्या गावचे एक आजोबा मला विचारते झाले, “मास्तर, आमची चित्रं कुठं हाईत?” मजजवळ उत्तर नव्हते. ग्रिफिथ्स यांना दोष देण्याचा माझा अधिकार त्या दिवशी बराच कमी झाला.

२०२३ मध्ये जे. जे. संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अशा वेळी माझे मागणे लहानसे आहे. विद्यार्थ्याचा प्रकल्प ज्या गावाविषयी असेल, त्या गावाने तो आधी तपासावा, मग परीक्षकाने. आणि मूळ चित्र गावातील शाळेच्या भिंतीवर राहावे. संस्थेने छायाचित्र ठेवावे. याउलट नव्हे. चूक आढळल्यास दुरुस्तीची जागा भिंतीवरच सोडावी.

या शाळेसाठी पहिला विषयही सुचवितो. पाऊणपटीचा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यास जुळतो. खाडीत आत पाणी चढावयास त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. घणसोलीस तो किती, हे मुलांनी आजोबांना विचारावे, येत्या अष्टमीस सहाच्या सुमारास त्यांच्यासह खाडीवर उभे राहून पाहावे आणि मग तिथीचक्र रंगवावयास घ्यावे. रंग आणि ब्रश मी घेऊन येतो.