बॅनरलॉर्ड: तलवारीआधी धान्य

माधवनगरहून बोलतोय. दिवसभर कोड, रात्री गेम, हे आपलं ठरलेलं. आज बोलूया ‘माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड’बद्दल. तुर्कस्तानात अंकारामध्ये टेलवर्ल्ड्स नावाची कंपनी आहे, तिचा हा गेम. २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला, ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. माझे आत्ता कुठे वीसेक तास झालेत, तेव्हा हा रिव्ह्यू नव्हे, पहिलं मत समजा.

देश काल्पनिक आहे, कॅलरेडिया. जुन्या साम्राज्याचे तीन तुकडे झालेत आणि भोवती आणखी पाच राज्यं टपून बसलीत. यात तुम्ही कोण? कुणीच नाही. थोडे पैसे, एक घोडा, एक तलवार. सँडबॉक्स घेतलं तर कथासुद्धा नाही. व्यापार करा, भाडोत्री सरदार व्हा, नाहीतर वाटमारी करा. पहिला तासभर मी नकाशावर नुसता भटकत होतो.

आधी लढाई. बटण दाबत सुटलं की काम झालं, असं इथे नाही. माउस ज्या दिशेला न्याल तिकडून वार होतो आणि समोरचा वार अडवायचा तर दिशा ओळखून अडवावा लागतो. घोडा भरधाव असेल तर भाल्याचा तडाखा जास्त बसतो. दोनशे माणसं एकमेकांवर धावून जातात आणि त्या धुळीत आपण एकटेच असतो, तेव्हा खरंच छाती धडधडते.

पण मला धरून ठेवलं ते लढाईने नाही, पोटाने. गावोगाव फिरून पोरं भरती करायची. मग त्यांना रोज पगार, रोज खायला. नुसतं धान्य दिलं तर चालतं, पण मासे, मांस, लोणी असं वेगवेगळं असलं की फौज खूश राहते. प्रत्येक गावाचा माल वेगळा आणि शहरात भाव वरखाली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितलेल्याला हे शिकवावं लागत नाही!

आणखी एक गंमत. प्यादा शिपाई घोडेस्वार करायचा तर घोडा तुम्ही द्यायचा. म्हणजे आपला बारगीरच की! बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. शाळेत हे दोन मार्कांसाठी पाठ केलेलं. इथे घोड्याचे पैसे मोजताना कळतं, हा फरक खजिन्याला किती जड जात असेल.

मग एकदा धान्य संपत आलं. साठ माणसं, शहर लांब, जवळ शत्रूचं गाव. मेनूत दोन पर्याय: गावाकडून जबरदस्तीने रसद घ्या किंवा गाव लुटा. एका क्लिकचं काम. तेव्हा मला शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवलं. ते पत्र मुळात हिशेबाचं आहे. दाणावैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि त्यांना वाटेल, यापेक्षा मोगल बरे. उंदराने दिव्याची जळती वात पळवली तर गवत पेटेल, इथवर काळजी त्यात आहे. रयतेवरचा जुलूम कोठारातल्या ढिसाळपणापासून सुरू होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

मी गाव सोडलं, शहर गाठलं, जादा घोडे विकून धान्य घेतलं. वाटेत चार माणसं पळाली. गेम तुम्हाला शाबासकी देत नाही, फक्त हिशेब पुढे सरकवतो. मला तेच आवडलं.

उणिवा आहेत. सरदारांची बोलणी तीच तीच, गावकऱ्यांची कामंही तशीच. कथा हवी असेल त्याने लांबच राहावं. पण किल्ल्यांच्या, मोहिमांच्या गोष्टी ऐकत वाढला असाल, तर एकदा साठ माणसं सांभाळून बघा. आणि तुमची फौज कुठे अडकली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!