आयात माशांसोबत येणारा किडा

समुद्री माशांची काचपेटी घरात ठेवण्याची हौस आता मुंबई-पुण्यातही रुळली आहे. इंडोनेशिया, फिलिपाईन्सच्या प्रवाळांतले मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून विमानाने देशोदेशी जातात. त्यांच्या अंगावर बसून आणखी कोण येतं, त्याविषयी आज बोलायचं आहे.

न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात उष्ण समुद्रांतले मासे ठेवलेले असत. त्यांच्या अंगावरच्या एका चपट्या किड्याचं वर्णन मॅकलम या अभ्यासकाने 1927 मध्ये प्रथम केलं. आज त्याला निओबेनेडेनिया म्हणतात. असे किडे सहसा ठरावीक जातीच्या माशांनाच धरतात. हा मात्र शंभराहून अधिक जातींच्या माशांवर जगतो, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

तो असतो जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा आणि आरपार दिसणारा. मागच्या गोल चकतीने माशाला घट्ट चिकटतो, वरची त्वचा खातो. मग माशाच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा येतो, मासा दगडांना अंग घासत राहतो. असा मासा पाचेक मिनिटं पेटीतल्या पाण्याइतक्याच उबदार गोड्या पाण्यात सोडला, की स्वच्छ दिसणाऱ्या अंगावर पांढरे ठिपके उमटतात आणि टपाटप तळाशी पडतात. ते ठिपके म्हणजेच हे किडे!

एवढ्याने सुटका होत नाही. त्याच्या अंड्यांना लांब दोरे असतात. ती जाळीत, नळीत गुंतून बसतात, गोड्या पाण्याच्या अशा आंघोळीला दाद देत नाहीत आणि उबदार पाण्यात आठवडाभरात फुटतात. शिवाय हा उभयलिंगी किडा एकटाही प्रजा वाढवू शकतो.

जपानमध्ये 1991 साली मत्स्यशेतीत हाच किंवा याच्या अगदी जवळचा किडा आढळला. चीनच्या बाजूने आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर तो आला असावा, असं तिथल्या अभ्यासकांचं मत आहे.

म्हणून आयात होताना माशाकडे नुसती नजर टाकणं मला पुरेसं वाटत नाही. नवा मासा निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. त्या टाकीची जाळी, नळी, बादलीसुद्धा वेगळी असू द्या. आणि कळकळीची विनंती: नको झालेला मासा किंवा पेटीतलं पाणी खाडीत, समुद्रात कधीही सोडू नका. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीवर हजारो घरं चालतात.