'लाईट गेली' हे इंग्रजीत कसे सांगावे?



कोराडीला 1974 पासून वीज तयार होते, तरी जवळच्या आपल्या कळमेश्वरात ती अधूनमधून जातेच. मग घरात आपण 'बत्ती गुल हो गई' म्हणतो आणि शाळेत 'लाईट गेली'. दोन्ही बरोबर आहे. परंतु हेच शब्दशः 'द लाईट हॅज गॉन' असे लिहिले, तर इंग्रज वाचक समजेल की दिवस मावळला. इंग्रजीत जाते ती 'पॉवर'. म्हणून 'द पॉवर इज आउट' किंवा 'वी हॅव लॉस्ट पॉवर' असे लिहावे. केवळ दिवे विझले असतील तर 'द लाईट्स वेंट आउट'.

'पॉवर' म्हणजे सत्ताही, हे ध्यानात ठेवा. 1854 साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. तेथे 'द भोसलेज लॉस्ट पॉवर' हेच शब्द येतात. कोणाची गेली, यावरून अर्थ ठरतो.

आता मुख्य गोष्ट. वीज का गेली, हे सांगणारे शब्द वेगळे आहेत. मागणीइतकी वीज नाही म्हणून ठरवून बंद केली तर 'लोडशेडिंग'. बिघाड झाला तर 'पॉवर फेल्युअर'. वीज बंद आहे एवढेच सांगायला ब्रिटनमध्ये 'पॉवर कट' म्हणतात, अमेरिकेत 'पॉवर आउटेज'. मोठा प्रदेश अंधारात गेला, जसे 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईत घडले, तर 'ब्लॅकआउट'.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. अनेक घरांत वडिलांचा अर्ज मुलगा किंवा मुलगीच लिहिते. ज्या अर्जात नुसते 'लाईट नाही' असते, त्यावरून फ्यूज उडाला की तार तुटली, हे कोणाला कळणार? शेजारी वीज असेल तर तसे लिहा : 'द पॉवर इज आउट ओन्ली इन अवर हाउस.' केव्हापासून, तेही लिहा. 1912 वर तक्रार सांगतानाही हेच पाळा. नेमके बोलणाऱ्याचे काम लवकर समजते, मग भाषा कोणतीही असो.

पालकांना एक विनंती. मुलाने 'द लाईट हॅज गॉन' म्हटले तर हसू नका. त्याने घरची भाषा प्रामाणिकपणे इंग्रजीत नेली आहे. त्याला दुसरे वाक्य शिकवा आणि पहिले घरासाठी राहू द्या.