शनवार तेल्यांचा घाणा आणि आपला रविवार

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, "इतर धर्मांकडून काय शिकावे?" आम्ही काही विद्वान नव्हे. सूतगिरणीत रिंग खात्यात तुटलेले धागे सांधत उभं आयुष्य गेलं, मध्ये काही वर्षे यंत्रमागावर काढली. शाळा सातवीपर्यंत. जे वाचलं ते रातपाळी करून आल्यावर, बाजारात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळालेलं. त्यातच एकदा मराठी बायबल हाती लागलं आणि ते आम्ही दोन पावसाळ्यांत वाचून काढलं.

कुणी म्हणेल, वर्धापन दिन बुद्ध विहाराचा आणि बोलणं यहुदी-ख्रिस्ती लोकांचं, हे काय? तर बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी सगळे धर्म तपासून पाहिले. दुसऱ्याचा ग्रंथ वाचला म्हणून आपला धम्म कमी होत नाही. उलट आपण कुठं कमी पडतो ते कळतं. आज तेच सांगायचं आहे.

आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट घ्या. रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. तिथल्या किनाऱ्याजवळ फार पूर्वी एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बाया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. ते नेमके कधी आले याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण कित्येक शतके ते कोकणात राहिले, मराठी बोलू लागले, बायका लुगडं नेसू लागल्या, गावावरून आडनावं पडली: केहिमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. धंदा कसला? तेलाचा घाणा.

या लोकांजवळ ग्रंथ राहिला नव्हता. शिकवायला धर्मगुरू नव्हता. हिब्रू भाषा विसरून गेली होती. राहिलं होतं काय? एका प्रार्थनेचे थोडे शब्द, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेला मासा खायचा नाही हा नियम, आणि शनिवार. शनिवारी घाणा बंद. शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सोडायचा, तो शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत जुंपायचा नाही. गावात हिंदू तेली होते, ते सोमवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना सोमवार तेली म्हणत आणि यांना शनवार तेली. गावानं यांना नाव दिलं ते देवावरून नाही, ग्रंथावरून नाही. काम कोणत्या वारी बंद असतं, त्यावरून दिलं.

बंधूंनो, आपण इचलकरंजीचे लोक. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून खडखड ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. माग बंद म्हणजे मजुरी बंद, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घाणा बंद म्हणजे त्या दिवशी तेल नाही, हा त्यातलाच हिशेब. तरी त्या गरीब माणसांनी तो दिवस धरून ठेवला. पुढे एका परदेशी यहुदी माणसाने, त्याचं नाव ते डेव्हिड राहाबी सांगतात, त्यांच्या चालीरीती पाहून ओळखलं की हे आपले लोक आहेत आणि त्यांच्यातल्या तिघांना शिकवून तयार केलं. ओळख पटली ती त्या दोन-चार गोष्टींवरून. त्या सोडल्या असत्या तर ओळखायला काही उरलंच नसतं.

मग ग्रंथही परत मिळाला, आणि गंमत म्हणजे तो मराठीतून मिळाला. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर या फौजेतल्या अधिकाऱ्याने १७९६ मध्ये त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. या लोकांची मुलं मिशनच्या शाळेत शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली. पण ख्रिस्ती फार थोडे झाले. शिक्षण घेतलं आणि आपला धर्म ठेवला. वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक १८४६ ला मुंबईत आणि १८७४ ला पुण्यात मराठी अर्थासह छापलं गेलं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. मिसरच्या राजाच्या वेठबिगारीतून मोशेने आपले लोक बाहेर काढले ही कथा त्यांनी टाळ-मृदंगावर गायली!

त्यांचं सगळं चांगलंच होतं असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्यातही 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद होता. लग्नसंबंध वेगळे. आपल्या देशाचं पाणीच असं आहे, जो येतो त्याला जातीचा डाग लागतो. १९४८ नंतर त्यांच्यातले पुष्कळ जण इस्राएल देशात गेले. तिथे १९६२ मध्ये धर्मगुरूंनी फर्मान काढलं की या लोकांशी लग्न लावताना वाडवडिलांची चौकशी करा. म्हणजे तिथंही "तुम्ही खरे आमच्यातले का?" हा प्रश्न आलाच. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की हे लोक सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. हा झगडा आपल्याला ओळखीचा वाटतो.

आता शनिवार का, ते बघू. बायबलात दहा आज्ञा दोन ठिकाणी दिल्या आहेत. 'निर्गम' नावाच्या पुस्तकात कारण असं की देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. हे आपण बौद्ध मानत नाही. सृष्टी कुणी घडवली हे तथागतांच्या धम्मात नाही. पण 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते आणि तिथं कारण बदललेलं आहे. तिथं सांगितलंय की तुझा दास, तुझी दासी, बैल, गाढव आणि दारात राहणारा परका, सगळ्यांना तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. कारण तूही एकदा मिसर देशात गुलाम होतास, हे विसरू नकोस. रातपाळीवरून येऊन हे पान वाचलं तेव्हा आमची झोप उडाली. सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. जो कालपर्यंत गुलाम होता त्याने आज आपण गुलाम नाही हे आठवड्यातून एकदा जगाला आणि स्वतःला दाखवायचं, त्याचा तो दिवस.

येशू स्वतः यहुदी. त्याचे शिष्य शब्बाथाच्या दिवशी भुकेने शेतातली कणसं मोडून खाऊ लागले, तेव्हा कर्मठ लोकांनी आक्षेप घेतला. येशूचं उत्तर असं की दिवस माणसासाठी आहे, माणूस दिवसासाठी नाही. म्हणजे नियम ठेवा, पण त्याचा फास करू नका. त्याचे अनुयायी पुढे रविवारी जमू लागले, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तो त्या दिवशी मरणातून उठला. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने इ.स. ३२१ मध्ये रविवारी विश्रांतीचा हुकूम काढला. इंग्रजांबरोबर तो रविवार आपल्याकडे आला, पण साहेबांच्या कचेरीत. गिरणीत नाही!

गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. १८८४ पासून त्यांनी सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज दिले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे हा दिवस फुकट आलेला नाही. सत्यशोधकांनी झगडून आणला.

आणि आपल्या बुद्धांनी काय केलं? विनयपिटकातल्या महावग्गात कथा आहे. राजगृहात इतर पंथांचे परिव्राजक चौदस, पंधरस आणि अष्टमीला जमून उपदेश करायचे आणि लोक ऐकायला जायचे. राजा बिंबिसार बुद्धांना म्हणाला, आपल्या भिक्खूंनीही असं जमावं. बुद्धांनी ते लगेच मान्य केलं. हे दुसऱ्यांचं आहे म्हणून नाकारलं नाही. मग भिक्खू जमले, पण गप्पच बसले. लोक चिडले, म्हणाले, हे मुक्या डुकरांसारखे काय बसलेत? तेव्हा बुद्धांनी सांगितलं, जमा आणि धम्म बोला. आपल्या उपोसथाची सुरुवात ही अशी आहे. बाबासाहेबांनीही आपल्याला दर रविवारी विहारात जमायला सांगितलं.

आता स्वतःविषयी एक खरी गोष्ट सांगतो. मागावर होतो त्या काळात आम्ही चौघांनी बुद्ध पौर्णिमेला रजा मागितली. मिळाली नाही. आम्ही तरीही माग बंद ठेवून विहारात आलो. दुसऱ्या दिवशी दिवाणजीने हिशेब करून हातावर ठेवला. तीन आठवडे काम नव्हतं. घरातलं माणूस काही बोललं नाही, पण डब्यातलं पीठ संपत होतं ते दिसत होतं. पुढे दुसरीकडे काम लागलं. आणि पुढच्या बुद्ध पौर्णिमेला? चौघांतले तिघे मागावर होते. त्या तिघांत आम्ही होतो. संध्याकाळी विहारावरून सायकल नेली तर आत वंदना चालू होती, आणि आम्ही मान खाली घालून पुढे गेलो. आज इथे भाषण करताना हे लपवणं बरं नव्हे.

म्हणून आम्ही कुणाला "मजुरी बुडवा" असं सांगणार नाही. पण हेही बघा. १४ एप्रिलला या विहारात पाय ठेवायला जागा नसते. माणगाव इथून जवळ. तिथं १९२० च्या मार्च महिन्यात शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात बसले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि साध्या रविवारी? पाच-सहा म्हातारी माणसं आणि एक किल्ली. मिरवणुकीला हजार आणि वंदनेला सहा! आपल्याजवळ ग्रंथ आहे, बाबासाहेबांनी लिहून ठेवलेला. भन्ते आहेत. पक्की इमारत आहे. शनवार तेल्यांजवळ यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त वार होता.

समितीपुढे आमची एक साधी सूचना आहे. रविवारी पाळी बदलते त्या दोन्ही वेळांना विहार उघडं ठेवावं. रातपाळीवाल्याने सकाळी घरी जाताना यावं, दिवसपाळीवाल्याने संध्याकाळी. अर्धा तास पुरे. त्रिशरण, पंचशील, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधलं एक पान, तेही एखाद्या मुलीने किंवा मुलाने मोठ्याने वाचलेलं. कांडी भरणाऱ्या बायांनी पोरं घेऊन यावं. पोरं रडली तरी चालतील. ज्याला यायला जमलं नाही त्याला कुणी बोल लावू नये, पुढच्या रविवारी त्याची वाट बघावी.

सकाळची किल्ली आम्ही सांभाळतो. संध्याकाळची कोण घेणार, ते आज उठण्यापूर्वी ठरवा.

नमो बुद्धाय! जयभीम!